१९९५ ला सरकार बदललं ते मतं वाढून की घर फुटून?

हंगामी_मास्तर

माळा आवरताना पुठ्ठ्याचा एक पिवळट पास सापडला. 'मतमोजणी सहायक', खाली गोल शिक्का, मार्च १९९५. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो, आणि मास्तर म्हटला की जनगणना, निवडणूक ही कामं पाचवीला पुजलेलीच.

मोजणी धान्याच्या गोदामात होती. आमच्या तालुक्यात तेवीस उमेदवार. मतपत्रिका उलगडली की पंचा पसरल्यासारखी टेबलावर पसरायची. समोर लाकडी खण, एकेका उमेदवाराचा एकेक. काँग्रेसचा खण भरत होता, युतीचा भरत होता, आणि तिसराच एक खण त्या दोघांच्या पुढे पळत होता. तो अपक्षाचा. अपक्ष म्हणजे कोण? तर महिन्याभरापूर्वीपर्यंत काँग्रेसचाच गडी. पंचायत समितीचा माजी सभापती, तिकीट कापलं म्हणून उभा राहिलेला.

एक मतपत्रिका तर अजून डोळ्यांसमोर आहे. शिक्का बरोबर दोन चौकटींच्या मधल्या पट्टीवर. वर अधिकृत काँग्रेस, खाली बंडखोर, दोघंही एकाच आडनावाचे. त्या एका कागदावरून वीस मिनिटं हमरीतुमरी. असो, तो विषय नाही.

विषय असा. १९९५ म्हटलं की सगळे 'युतीची लाट' म्हणतात. आकडे बघा. २८८ पैकी शिवसेना ७३, भाजप ६५, म्हणजे युती १३८. काँग्रेस ८०. अपक्ष ४५. आता मतं: काँग्रेस ३१ टक्के, शिवसेना १६.३९, भाजप १२.८०. युतीची बेरीज २९.१९. म्हणजे हरलेल्या पक्षाला जिंकलेल्या युतीपेक्षा जास्त मतं! १९९० ला युतीला साडेसव्वीस टक्क्यांच्या वर होती, पाच वर्षांत अडीच टक्के वाढली. याला लाट म्हणायचं?

काँग्रेस मात्र ३८ वरून ३१ वर आली आणि अपक्ष साडेतेराच्या आसपास होते ते २३.६३ वर गेले. माझं म्हणणं सरळ आहे. सरकार युतीने बदललं नाही, काँग्रेसच्या बंडखोरांनी बदललं. बोला.

---

लोकलपकडू

मास्तर, पास जपून ठेवा, लॅमिनेट करा.

बाकी असहमत. मी तेव्हा कॉलेजात, मुंबईत. डिसेंबर ९२, जानेवारी ९३ च्या दंगली आणि १२ मार्च ९३ चे बॉम्बस्फोट ज्यांनी बघितले त्यांना विचारा लाट होती की नव्हती. मुंबईत काँग्रेस जवळजवळ धुऊन निघाली. तिथे कोणता सभापती बंड करून उभा होता? तुमच्या गोदामातून पूर्ण महाराष्ट्र दिसत नव्हता.

---

पांदणवाट

विदर्भाचं कोणी बोलतच नाही बाप्पा. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर, हिवाळी अधिवेशन. गोवारी समाजाचा मोर्चा आला, चेंगराचेंगरी झाली, ११४ जीव गेले. बायका-लेकरंच जास्त. सरकारकडून कोणी वेळेवर भेटायलेही आलं नाही असा राग होता. मधुकरराव पिचडांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, पण लोकं विसरले नाहीत. निवडणूक तिथून तीन महिन्यांवर होती.

माझी आजी राजकारणातलं काही बोलायची नाही. त्या वर्षी मत देऊन आली आन् चुलीपुढे बसून एवढंच म्हणाली, "या खेपेले पंजा नाई." तिच्यापुरती तीच लाट.

---

मोडीवाचक

आधी एक दुरुस्ती, कारण पुढे कोणीतरी नक्की लिहिणार की '१९७८ ला पण सरकार बदललं होतं'. बदललं होतं, पण मतपेटीतून नाही. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्ष ९९ जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला, तरी दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या आणि वसंतदादा मुख्यमंत्री, नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. जुलैमध्ये शरद पवार बाहेर पडले आणि त्यांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं. फेब्रुवारी १९८० मध्ये तेही बरखास्त. म्हणजे निवडणूक झाली, निकाल लागला आणि त्या निकालाने काँग्रेसला घरी बसवलं, असं पहिल्यांदा घडलं ते १९९५ लाच. राज्य स्थापन होऊन ३५ वर्षं होत आली होती.

लोकलपकडू, मराठवाड्यात मुद्दा आणखी वेगळा. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. निर्णय योग्यच होता, पण गावागावात त्याची जी प्रतिक्रिया उमटली ती मतपेटीत दिसली. त्याशिवाय किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर ९३), पुनर्वसन, मदतवाटपाच्या तक्रारी. एकाच पुडीत बांधता येईल असं काही नव्हतंच ते.

---

चहात_बुडालेलं_बिस्कीट

वाचतोय. चहा टाकलाय.

---

साखरपट्टा

मास्तरांना माझा पाठिंबा, आणि तोही घरातून. आमचे चुलते ९५ ला बंडखोराचे तालुका प्रचारप्रमुख होते. पद कागदावर नव्हतं, पण जीप त्यांच्याकडे होती यावरून समजून घ्या.

शहरातल्या लोकांना 'अपक्ष' म्हटलं की एकटा फिरणारा, अनामत घालवणारा माणूस दिसतो. आमच्याकडचा अपक्ष तसा नव्हता. त्याच्यामागे कारखान्याचं अर्धं संचालक मंडळ, दूध संघ, सोसायट्यांचे चेअरमन, एखादी शिक्षण संस्था. पक्षाकडे झेंडा, यांच्याकडे माणसं. एकच आमदार पंधरा-पंधरा वर्षं, खालचा माणूस जिल्हा परिषदेत म्हातारा होत चाललेला. मग कधीतरी फुटतंच. ९५ ला एकदम सगळीकडे फुटलं. राज्यभर तीन हजारांवर अपक्ष उभे होते.

उभं राहणं स्वस्तही होतं. विधानसभेची अनामत तेव्हा फक्त २५० रुपये. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि ती ५,००० झाली. २५० रुपयांत सूड मिळत असेल तर कोण सोडतंय?

प्रचाराचं म्हणाल तर मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या धाकाने भिंती कोऱ्या. रात्री दहाला भोंगा बंद. दहा वाजून पाच मिनिटांनी चुलते घरी येऊन हात धुवायचे, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मग प्रचार कसा, तर हळदीकुंकू आणि 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' दारोदार, भोंग्याशिवाय. त्यात अपक्षाचीच चलती, कारण प्रत्येक घरात त्याचा कोणीतरी पाहुणा निघायचाच.

---

आकडेमोड

मास्तर, तुमचे टक्के बरोबर आहेत. त्यातून काढलेला निष्कर्ष अर्धा बरोबर आहे.

टक्क्यांत एक गोष्ट लपते. १९९० ला मतदान ६२ टक्के होतं, १९९५ ला ७१.६९. म्हणजे एकूण मतंच खूप वाढली. आता टक्के बाजूला ठेवून नुसती मतं बघा. काँग्रेसला १९९० ला सुमारे १ कोटी १३ लाख मतं होती, १९९५ ला सुमारे १ कोटी १९ लाख. कमी झालीच नाहीत, पाच-सहा लाखांनी वाढली! युती ७९ लाखांवरून १ कोटी १२ लाखांवर गेली. अपक्ष साधारण ४० लाखांवरून ९० लाखांवर.

एकूण वैध मतांत ८८ लाखांच्या आसपास भर पडली. त्यातली काँग्रेसच्या वाट्याला पाच-सहा लाख. बाकीची युती आणि अपक्षांकडे. म्हणून 'काँग्रेसची मतं बंडखोरांनी पळवली' एवढंच खरं नाही. काही पळवली असतील. पण जो माणूस आधी मतदानाला येतच नव्हता, तो या वेळी आला आणि पंजा सोडून भलत्याच चिन्हावर शिक्का मारून गेला, हेही तितकंच खरं.

(जागावाटपाचा प्रश्न येईल म्हणून: शिवसेना १६९, भाजप ११६, एकूण २८५ जागा लढवल्या. काँग्रेसने जवळपास सगळ्या. त्यामुळे टक्क्यांची तुलना अन्याय्य नाही.)

---

हंगामी_मास्तर

आकडेमोड, दंडवत. शाळेत असतात तर मॉनिटर केलं असतं.

हे मी पाहिलं नव्हतं, प्रामाणिकपणे सांगतो. मी टक्क्यांवरच थांबलो. पण मग मला सांगा, ते नवे ८८ लाख बूथवर आणले कोणी? शेषन यांनी तर नाही आणले. आमच्या तालुक्यात वस्तीवरून बैलगाड्या भरून आल्या त्या बंडखोराच्याच. एका घरातून तीन गट फुटले की तीन गट माणसं बाहेर काढतात. एकट्या पक्षाचं काम असतं तेव्हा सगळे म्हणतात, 'येतंय की निवडून, कशाला उन्हात जायचं.'

---

आकडेमोड

हे मान्य. याला आकडा नाही माझ्याकडे, पण पटतं.

---

लोकलपकडू

बघा, मास्तर हरत नाहीत.

लातूरचं काय करणार? विलासराव देशमुख जनता दलाच्या शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून जवळपास ३५ हजार मतांनी पडले. एवढं अंतर बंडखोराने खाऊन होत नाही, तिथे लोकांनीच ठरवून पाडलं. आणि गोपीनाथ मुंडेंची संघर्ष यात्रा, मुंबई महापालिकेचे उपायुक्त खैरनार यांचे शरद पवारांवरचे आरोप, गुन्हेगारी-राजकारण साटंलोटं हा रोजचा विषय, यातलं काहीच मोजायचं नाही का?

---

साखरपट्टा

खैरनारांचा 'ट्रकभर पुरावे' वाला ट्रक शेवटपर्यंत कुठे पोचला नाही, हेही लिहा. पण वातावरण त्यांनी तयार केलं हे खरं. आमच्या गावात ट्रक दिसला की पोरं ओरडायची, "आला रे पुरावा!"

---

कार्यासन_चौदा

या विषयावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. मी त्या काळात मंत्रालयात होतो. विभाग सांगत नाही, नावंही नाहीत.

निवडणुकीत सरकार बदलतं म्हणजे नेमकं काय होतं हे बाहेरच्याला कळत नाही. लोकांना वाटतं निकाल लागला की सरकार गेलं. तसं नाही. निकालानंतर मुख्यमंत्री राजीनामा देतात, राज्यपाल म्हणतात, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत चालू ठेवा. झाले काळजीवाहू. निवडणूक आयोग निवडून आलेल्यांची यादी अधिसूचनेने काढतो, त्यानंतर नवी विधानसभा गठित झाली असं मानलं जातं. मधल्या दिवसांत फायली चालू असतात, पण कोणी काही ठरवत नाही. मजल्यावर इतकी शांतता मी परत कधी अनुभवली नाही. फोन वाजायचे नाहीत. चहावाला पोरगा ट्रे घेऊन तसाच परत जायचा.

आणि पाट्या! दारावरच्या नावांच्या पाट्या काढायला माणूस आला, तेव्हा एका दारावर पाटीमागचा रंग कोरा करकरीत निघाला. बाकी दार काळवंडलेलं, मध्ये लांबट स्वच्छ चौकोन. नवी पाटी आली ती आकाराने लहान, त्यामुळे कितीतरी दिवस तो चौकोन चारही बाजूंनी बाहेर डोकावत होता.

१४ मार्च १९९५. शपथविधी राजभवनावर नाही, शिवाजी पार्कवर. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर, मुख्यमंत्री मनोहर जोशी, उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे, गृहखातंही त्यांच्याकडे. नव्या मंत्र्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यभर विरोधात भाषणं केलेली. फाईल कशी खालून टिपणी होत वर येते, कुठे सही, कुठे नुसती आद्याक्षरं, हे समजावून द्यावं लागे. एक गृहस्थ (चांगले होते, नंतर तरबेज झाले) पहिल्या दिवशी म्हणाले, "मी इतकी वर्षं विधानसभेत विचारत होतो की ही फाईल अडली कुठे. आता तुम्हीच सांगता की माझ्याकडे!"

---

चहात_बुडालेलं_बिस्कीट

कार्यासन काका, वेगळा धागा काढाच.

---

मोडीवाचक

+१. काका, १३८ वरून बहुमताचे १४५ कसे झाले ते पण सांगा. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून होता ना?

---

कार्यासन_चौदा

होता. म्हणूनच तर गंमत. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर आमदारकी जाते. पण अपक्ष राहूनच सरकारला पाठिंबा दिला, मंत्रीसुद्धा झाला, तर काही होत नाही. त्यामुळे ४५ अपक्षांपैकी ज्यांनी युतीला पाठिंबा दिला ते कागदोपत्री अपक्षच राहिले. हर्षवर्धन पाटील इंदापुरातून अपक्ष आले, अनिल देशमुख काटोलमधून. दोघंही त्या सरकारात राज्यमंत्री झाले.

तेव्हा मंत्रिमंडळाच्या आकाराला १५ टक्क्यांची मर्यादाही नव्हती, ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आली. खुर्च्या वाढवता येत होत्या.

---

साखरपट्टा

आणि पाणी. खुर्चीपेक्षा पाणी महत्त्वाचं होतं, हे मी छातीठोक सांगतो. बच्छावत लवादाने कृष्णेचं महाराष्ट्राच्या वाट्याचं पाणी ठरवून दिलं होतं आणि मे २००० नंतर वाटपाचा फेरविचार होणार होता. तोवर पाणी अडवलं नाही तर गेलं, ही भीती आमच्या सगळ्या तालुक्यांत. सरकारकडे पैसा नाही. मग १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, बाजारात रोखे विकून पैसा उभा केला. पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या अपक्षांना मतदारसंघात जाऊन सांगायला हेच लागत होतं: युतीबरोबर गेलो कारण कालवा आणायचाय.

कालवे किती झाले, पाणी किती आलं हा स्वतंत्र रडण्याचा विषय. चुलत्यांच्या शेताजवळ कालव्याची खुणेची दगडं रोवली, त्यातल्या एकाला आम्ही कितीतरी वर्षं म्हैस बांधत होतो.

---

सरळवाट

सगळे जागा आणि टक्क्यांतच अडकलेत. सरकार बदललं, मग बदललं काय? एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प युतीवाले अरबी समुद्रात बुडवणार होते. ऑगस्ट ९५ मध्ये प्रकल्प रद्द केला, आणि काही महिन्यांत फेरवाटाघाटी करून तोच परत आणला. एक रुपयात झुणका-भाकर, पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव पाच वर्षं स्थिर, ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरं. आणि वरून बाळासाहेब ठाकऱ्यांचं 'रिमोट कंट्रोल माझ्या हातात' हे उघड सांगणं. लोकांनी मतं कोणाला दिली आणि राज्य कोणी केलं?

---

लोकलपकडू

सगळं एका ओळीत रद्दीत नका घालू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, मुंबईतले उड्डाणपूल, रस्ते विकास महामंडळ याच काळातले. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण १९९५ च्या शेवटी आलं, १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची तारीख पुढे कित्येक वर्षं मुंबईच्या राजकारणात फिरत राहिली. ४० लाखांना घरं मिळाली नाहीत हे खरं, पण त्यासाठी काढलेली यंत्रणा अजून चालू आहे. 'बॉम्बे'चं अधिकृतपणे 'मुंबई' झालं तेही तेव्हाच.

---

सरळवाट

मुंबई दंगलीच्या चौकशीचा श्रीकृष्ण आयोग जानेवारी ९६ मध्ये गुंडाळला आणि दिल्लीतून सूचना आल्यावर मे महिन्यात परत सुरू केला, तेही त्याच यादीत लिहा की.

---

लोकलपकडू

लिहा. नाकारतंय कोण? दंगल मी खिडकीतून बघितली आहे, माझ्यापेक्षा जास्त कोणाला तो अहवाल हवा होता?

---

संपादक

दोघांनाही विनंती, आवाज दहाच्या आत ठेवा, शेषन बघताहेत. शिवाय हा धागा १९९९ पर्यंतच. त्यापुढची सरकारं, पहाटेचे शपथविधी इत्यादींसाठी वेगळे धागे ओसंडून वाहत आहेत.

---

आकडेमोड

१९९९ पर्यंत परवानगी आहे तर एक शेवटची आकडेवारी टाकतो. मास्तरांच्या मूळ मुद्द्याला याने बळ मिळेल.

१९९९ ला विधानसभा मुदतीच्या आधीच, लोकसभेबरोबर झाली. तोवर मुख्यमंत्रीही बदलले होते, फेब्रुवारीपासून नारायण राणे. जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काढली होती आणि दोन्ही काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या. निकाल: काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, शिवसेना ६९, भाजप ५६. युतीची मतं किती? १७.३३ अधिक १४.५४, म्हणजे ३१.८७ टक्के.

परत वाचा. २९.१९ टक्के घेऊन युती सत्तेत आली. ३१.८७ टक्के घेऊन गेली.

यावेळी घर दोन तुकड्यांत फुटलं होतं, ९५ सारखं शंभर तुकड्यांत नाही. आणि ते दोन तुकडे निकालानंतर परत जोडता आले. १२५ वर असलेल्या युतीत मुख्यमंत्री कोणाचा यावर घोळ चालू राहिला आणि १८ ऑक्टोबर १९९९ ला विलासराव देशमुखांनी शपथ घेतली. तेच, लातुरात ३५ हजारांनी पडलेले.

---

पांदणवाट

म्हणजे ज्याले पाडलं तोच मुख्यमंत्री. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे.

---

मोडीवाचक

आकडेमोड, भारी. याला अजून एक जोडा. १९८५ ला काँग्रेसला १६१ होत्या. १९९० ला १४१, चार कमी पडल्या. त्यानंतर आजपर्यंत महाराष्ट्रात कोणत्याही एका पक्षाने एकट्याने १४५ गाठलेले नाहीत. (संपादक, हे १९९९ च्या पुढे गेलं, पण एकच वाक्य आहे.) मास्तर म्हणतात तसं ९५ ला घर फुटलं हे खरं, पण भिंतीला तडा ९० लाच गेला होता.

---

संपादक

एक वाक्य माफ.

---

हंगामी_मास्तर

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. शीर्षकात मी 'की' घातला होता, तो आता मागे घेतो. मतं पण वाढली, घर पण फुटलं. वाढलेली मतं कुणीकडे वळणार ते फुटलेल्या घराने ठरवलं, इथपर्यंत मी यायला तयार आहे. मुंबई आणि लातूर माझ्या हिशेबात बसत नाहीत, तेही कबूल.

---

चहात_बुडालेलं_बिस्कीट

मास्तर, सगळं झालं, पण त्या मधल्या पट्टीवरच्या मतपत्रिकेचं काय झालं? पहिल्या पोस्टपासून वाट बघतोय. चहा तीनदा झाला.

---

कार्यासन_चौदा

मलाही ते विचारायचंच होतं. तेव्हा मतपत्रिकेवर सगळी नावं वर्णानुक्रमाने एकाच यादीत असायची, आडनाव एकच म्हणजे अपक्ष आणि पक्षाचा उमेदवार एकाखाली एक. मान्यताप्राप्त पक्ष आधी आणि अपक्ष शेवटी, हे ९६ च्या दुरुस्तीने आलं.

---

हंगामी_मास्तर

बरं, सांगतो.

नियम असा की शिक्क्याचा थोडा जरी भाग एका चौकटीत असेल आणि दुसरीत नसेल, तर मत त्या चौकटीतल्याचं. घडी चुकून शाईचा दुसरा ठसा उमटला असेल तर तो धरायचा नाही. पण इथे ठसा एकच, ठसठशीत, आणि पट्टीच्या बाहेर कुठेच नाही. दोघांचे प्रतिनिधी टेबलावर वाकलेले. एक म्हणे फुलीचं टोक वर टेकलंय, दुसरा म्हणे खाली. एकाने खिशातून शाळेची सहा इंची पट्टी काढली. मोजणीला पट्टी घेऊन आलेला माणूस मी तेव्हाच पाहिला.

शेवटी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी कागद उचलला, ट्यूबलाइटखाली दोन्ही हातांनी ताणून धरला, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "बाद." मागच्या बाजूला शिक्का मारला, सही केली, बाद मतांच्या गठ्ठ्यात टाकला.

बंडखोर तोवर सात हजारांनी पुढे होता. पट्टीवाला प्रतिनिधी त्याचाच.